बायो टॅपेस्ट्री

नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले. तो सारा घटनाक्रम लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्यांनी भरून सांगणारा मध्ययुगीन चित्रमय पट म्हणजे बायो टॅपेस्ट्री. फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातल्या बायो या गावावरून त्याला हे नाव पडले. लांबी ६८.३८ मीटर, रुंदी जेमतेम हातभर, सुमारे अर्धा मीटर. आठ नऊवारी लुगडी एकापुढे एक जोडली तर साधारण एवढी लांबी भरेल. युनेस्कोने २००७ मध्ये ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत त्याचा समावेश केला.

नाव मात्र चुकीचे आहे. टॅपेस्ट्री म्हणजे मागावर कापड विणत असतानाच आडव्या रंगीत धाग्यांनी चित्र उठवणे. त्या अर्थाने आपल्या पैठणीच्या पदरावरचा मोर अस्सल टॅपेस्ट्री ठरतो. बायोच्या कापडावर विणलेली एकही आकृती नाही; साध्या पांढऱ्या लिननवर सगळे काम सुईने झाले आहे. फ्रान्समध्ये हा पट ‘राणी मातिल्दची टॅपेस्ट्री’ म्हणूनही ओळखला जाई. विल्यमच्या राणीने आपल्या सख्यांसह बसून तो भरला, ही त्यामागची कथा. कथा गोड असली तरी तिला पुरावा नाही.

कापड आणि टाके : पट सलग नाही. नऊ तुकडे जोडून तो केला आहे. पहिले दोन तुकडे जवळपास चौदा-चौदा मीटरचे, पुढचे बरेच आखूड. पहिल्या दोन तुकड्यांच्या जोडावर वरच्या किनारीच्या रेघा एकमेकींना नीट मिळत नाहीत. पुढचे जोड इतके सफाईदार आहेत की शोधावे लागतात. तुकडे आधी वेगवेगळे भरले आणि मग जोडले, पहिल्या जोडाच्या वेळी अंदाज चुकला आणि नंतर हात बसला, हे त्या एका तिरप्या रेघेवरून कळते.

बाह्यरेषा आणि अक्षरे दांडी टाक्याने काढली आहेत. आतला रंग भरण्याची रीत निराळी आहे. आधी धागे एकमेकांना चिकटून समांतर पसरायचे, मग त्यांच्यावर काही मिलिमीटरच्या अंतराने आडवे धागे टाकायचे आणि ते बारीक टाक्यांनी कापडाला बांधून ठेवायचे. यात जवळजवळ सगळी लोकर दर्शनी बाजूला राहते, मागे फुकट जात नाही. चेहरे आणि हातांमध्ये रंग भरलेलाच नाही. उघडे कापड हीच तिथली त्वचा. रंग तीन वनस्पतींपासून केलेले : आपल्या मंजिष्ठेची युरोपीय बहीण असलेल्या मॅडरच्या मुळांपासून तांबडा, वेल्डपासून पिवळा आणि वोडपासून निळा. वोडमधले रंगद्रव्य नीळीतलेच. एवढ्यावर दहाएक छटा साधल्या आहेत. घोडे निळे आहेत, हिरवेही आहेत, आणि घोड्याचे पलीकडचे पाय अलीकडच्या पायांपेक्षा मुद्दाम वेगळ्या रंगाचे आहेत. खोली दाखवायची ही युक्ती एकदा लक्षात आली की निळ्या घोड्याचे नवल वाटेनासे होते.

कर्ते : पटावर कुणाची सही नाही. तो १०७० च्या दशकात इंग्लंडमध्ये, बहुधा कँटरबरी येथे, विल्यमचा सावत्र भाऊ आणि बायोचा बिशप ओडो याच्यासाठी तयार झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ओडोचे महत्त्व पटात जागोजाग वाढवून दाखवले आहे. शिवाय टुरोल्ड, वाडार्ड आणि व्हिटाल ही तीन दुय्यम माणसे नावानिशी येतात, आणि याच नावांचे ओडोचे आश्रित १०८६ च्या डूम्सडे बुक या जमीन-पाहणीत भेटतात. कँटरबरीच्या मठातील हस्तलिखितांशी अनेक आकृत्यांचे साम्य आहे. चित्रांवरचा मजकूर लॅटिन, पण राजा हॅरल्डचा भाऊ गिर्थ याच्या नावात लॅटिनमध्ये नसलेले जुन्या इंग्रजीचे अक्षर आले आहे आणि हेस्टिंग्ज या गावाचे नावही इंग्रजी वळणाने लिहिले आहे. पैसा नॉर्मन, हात इंग्रज, असा एकूण रंग दिसतो.

हे हात बहुधा बायकांचे होते. इंग्लंडच्या भरतकामाची ख्याती विजयाच्या आधीपासून होती. माल्डनच्या लढाईत ९९१ मध्ये पडलेल्या बिर्टनोथ या सरदाराच्या विधवेने पतीचे पराक्रम चितारलेला पडदा ईलीच्या मठाला दिला, अशी तिथली नोंद आहे. म्हणजे कापडावर इतिहास मांडण्याची चाल नवी नव्हती. डूम्सडे बुकमध्ये बकिंगहॅमशरच्या एल्फगिथ नावाच्या एका मुलीकडे थोडी जमीन असल्याची नोंद आहे. ती तिला शेरिफ गॉड्रिकने दिली होती, आपल्या लेकीला जरीचे भरतकाम शिकवण्याच्या बोलीवर. बायोच्या पटावर राबलेल्या एकीचेही नाव असे उरलेले नाही. पटाच्या मुख्य पट्ट्यात सहाशेवर माणसे आहेत आणि त्यांत बायका फक्त तीन, ही त्यातली आणखी एक गंमत.

कथानक : इंग्लंडचा वृद्ध आणि निपुत्रिक राजा एडवर्ड आपला मेहुणा हॅरल्ड याला काही सांगत आहे, इथे पट सुरू होतो. हॅरल्ड बॉशमच्या चर्चमध्ये प्रार्थना करतो, जेवतो, समुद्र ओलांडतो आणि पाँत्यूच्या काउंट गीच्या हाती सापडतो. विल्यम त्याला सोडवून आणतो आणि ब्रिटनीच्या स्वारीवर सोबत नेतो. मग हॅरल्ड संतांच्या अस्थी ठेवलेल्या दोन पेट्यांवर दोन हात ठेवून विल्यमला शपथ देतो आणि मायदेशी परततो. एडवर्ड ५ जानेवारी १०६६ रोजी मरण पावतो, दुसऱ्याच दिवशी हॅरल्ड राजा होतो. पुढच्याच दृश्यात शेपटीचा तारा उगवतो आणि माणसे बोटे दाखवून वर बघतात. हा हॅलेचा धूमकेतू. प्रत्यक्षात तो एप्रिलच्या अखेरीस दिसला, पण पटाला अपशकुन राज्याभिषेकाला खेटूनच हवा होता. राजाच्या पायाखालच्या किनारीत रिकाम्या जहाजांच्या आकृतीही तरंगतात. एडवर्डची अंत्ययात्रा त्याच्या मृत्युशय्येच्या आधी येते. ही चूक की रचना, यावर अभ्यासकांत वाद आहे. कापडावर कथा डावीकडून उजवीकडे जात असताना मध्येच मागे वळायची सोय कारागिरांनी काढली होती, हे मला जास्त पटते.

स्वारीच्या तयारीची दृश्ये सगळ्यांत वाचनीय आहेत. झाडे तोडली जातात, फळ्या तासल्या जातात. चिलखते एवढी जड की काठी बाहीतून ओवून दोन-दोन माणसे एकेक चिलखत खांद्यावर नेतात. एका गाडीवर भाले आणि दारूचे पिंप एकत्रच लादले आहे, आणि वरचा मजकूरही तेच सांगतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पेव्हन्सीला उतरल्यावर स्वयंपाक होतो : पक्षी सळ्यांवर भाजले जातात, ढाली मांडून जेवणाचे टेबल केले जाते आणि ओडो अन्नाला आशीर्वाद देतो. थोड्या पुढे सैनिक एक घर पेटवतात आणि एक बाई मुलाचा हात धरून बाहेर पडते. तिला नाव नाही. पटातल्या तीन बायकांपैकी ही एक.

दुसरी आहे एल्फगिव्हा. ‘जेथे एक पाद्री आणि एल्फगिव्हा’ एवढेच वर लिहिले आहे. वाक्याला क्रियापदच नाही. पाद्री तिच्या गालाला हात लावतो, आणि खालच्या किनारीत एक नागडा माणूस तशाच पवित्र्यात बसलेला आहे. तेव्हाच्या प्रेक्षकांना ती भानगड ठाऊक असणार, म्हणून कुणी वाक्य पुरे केले नाही. आज त्यावर डझनभर तर्क आहेत, उत्तर नाही.

१४ ऑक्टोबर १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत पटाची मांडणी बदलते. तोवर वर-खालच्या किनारींत पक्षी, सिंह, नांगरणी, गोफण, कोल्हा-कावळ्यासारख्या इसापच्या गोष्टी असे सुखाने चाललेले असते. लढाई पेटली की खालच्या किनारीत मुडदे साचू लागतात. शेवटी शेवटी तर मेलेल्यांच्या अंगावरची चिलखते डोक्यावरून ओढून काढणारे लोक तिथे दिसतात. मुख्य पट्ट्यात विजय आणि त्याच्या खाली त्याची किंमत, ही रचना कारागिरांनी स्वतःहून केली की ओडोने सुचवली, सांगता येत नाही. पण ओडो स्वतः वर घोड्यावर सोटा घेऊन पोरांना धीर देताना दिसतो.

साक्ष म्हणून : हा पट नॉर्मन प्रचार आहे, असे सरसकट म्हटले जाते. तसे ते आहेच. तरीही लॅटिन मजकूर सावधपणे वाचला तर वेगळे काही हाती लागते. हॅरल्डने विल्यमला शपथ दिली एवढेच पट सांगतो. कशाची, ते सांगत नाही. डूम्सडे बुक हॅरल्डला ‘अर्ल’ म्हणजे नुसता सरदार म्हणून बाजूला सारते, तर हा पट त्याला राज्याभिषेकानंतर मरेपर्यंत ‘राजा’ म्हणतो. कुएनाँ नदीच्या चोरवाळूत रुतलेल्या नॉर्मन सैनिकांना ओढून बाहेर काढतो तोही हॅरल्डच. शपथेची जागाही लक्षात घ्यावी. बखरकार विल्यम ऑफ प्वातिये ती बॉनव्हिलला घडल्याचे लिहितो, दुसरा बखरकार ऑर्डेरिक रूआँला. पट मात्र बायोचे नाव घेतो, जिथला बिशप ओडो होता. आणि २५ सप्टेंबरची स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई, जिच्यात हॅरल्डने नॉर्वेच्या राजाला मारले आणि मग दमलेले सैन्य घेऊन तो दक्षिणेकडे धावला, ती पटात मुळीच नाही. इतिहासकार जहाजांची घडण, चिलखते, ढालींचे आकार, नॉर्मनांची मानेवर तासलेली डोकी, घोडा जुंपलेली कुळवणी यांसाठी या कापडावर विसंबतात. का आणि कुणाचा हक्क, याबाबत तेवढे विसंबत नाहीत.

हॅरल्डच्या डोळ्यात बाण लागला, हे इंग्लंडमधले शाळकरी पोरही सांगते. पटावर ‘येथे राजा हॅरल्ड मारला गेला’ या ओळीखाली दोन माणसे आहेत : एक चेहऱ्याजवळ बाण धरून उभा, दुसरा घोडेस्वाराच्या तलवारीखाली कोसळणारा. अठराव्या शतकातील पहिल्या कोरीव प्रतीत पहिल्याच्या हातात पिसे नसलेली नुसती दांडी आहे, जी भाल्यासारखी दिसते. १८१६–१८ मध्ये लंडनच्या पुरातत्त्व मंडळीसाठी चार्ल्स स्टॉथर्डने नक्कल केली, तिच्यात ती पिसांचा बाण झाली आहे. मधल्या काळातल्या एखाद्या दुरुस्तीत भाल्याचा बाण झाला असावा, अशी शंका त्यामुळे घेतली जाते. दुसऱ्या माणसाच्या डोक्याजवळ मात्र उसवलेल्या टाक्यांची भोके आहेत. म्हणजे दोघेही हॅरल्डच असू शकतात, आणि बाण एकदा नव्हे, दोनदा भरला गेलेला असू शकतो. इथे लेखी साधनांपेक्षा सुईचे भोक जास्त बोलते.

पुढचा प्रवास : पटाचा पहिला लेखी उल्लेख १४७६ च्या बायो कॅथीड्रलच्या सामान-यादीत सापडतो. वर्षातून एकदा, अस्थि-उत्सवात, तो चर्चच्या मुख्य दालनात टांगला जाई. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९२ मध्ये लष्करी सामानाच्या गाडीवर आच्छादन म्हणून तो बांधला जात असता एका स्थानिक वकिलाने वाचवला. इंग्लंडवर स्वारीचा बेत करणाऱ्या नेपोलियनने १८०३ मध्ये तो पॅरिसला मांडला. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या एसएस संघटनेच्या अभ्यासकांनी त्यात जर्मन वंशाचा पराक्रम शोधला. १९४४ च्या ऑगस्टमध्ये पट पॅरिसमधल्या लूव्र संग्रहालयाच्या तळघरात होता आणि एसएसचा प्रमुख हिमलर याची माणसे तो न्यायला येईपर्यंत पॅरिस त्यांच्या हातून निसटत होते. जो येईल त्याला हा पट आपलाच वाटला.

१८८५–८६ मध्ये इंग्लंडच्या लीक गावी एलिझाबेथ वॉर्डल यांनी पस्तीसएक बायकांना घेऊन पूर्ण नक्कल भरली. ती आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे. लोकर रंगवून दिली त्यांचे पती टॉमस वॉर्डल यांनी. हे रंगारी भारतीय टसर रेशमाचे आणि इथल्या रंगांचे मोठे अभ्यासक होते. नकलेतले नागडे पुरुष सभ्यपणे झाकले आहेत. मूळ पटाचा शेवट फाटून गेला आहे. आज दिसणारी ‘इंग्रज पळाले’ ही अखेरची ओळ एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीची.

२०२० च्या तपासणीत या कापडावर २४,२०४ डाग आणि झिजून वा उसवून पडलेली ९,६४६ भगदाडे मोजली गेली. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या करारानुसार सप्टेंबर २०२६ ते जुलै २०२७ या काळात पट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मांडायचा ठरला. इतके जीर्ण कापड हलवू नये, असा आग्रह फ्रान्समधल्या अनेक संवर्धकांनी धरला.