होगन, बेन

होगन, बेन : (१३ ऑगस्ट १९१२ – २५ जुलै १९९७). अमेरिकन व्यावसायिक गोल्फपटू. पूर्ण नाव विल्यम बेन होगन. जन्म टेक्सास राज्यातील स्टीफनव्हिल येथे. मृत्यू त्याच राज्यातील फोर्ट वर्थ येथे. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर त्याने ६४ स्पर्धा जिंकल्या. त्यांपैकी ९ प्रमुख स्पर्धा होत्या : यूएस ओपन चार वेळा, मास्टर्स दोनदा, पीजीए दोनदा आणि ब्रिटनमधील ओपन एकदा. या चारही स्पर्धा जिंकणारे खेळाडू आजवर सहाच झाले; होगन त्यांतला दुसरा.

बडोद्यात गोल्फ म्हटले की लक्ष्मीविलास राजवाड्याचे आवार आठवते. हा वाडा १८९० मध्ये पुरा झाला. त्याच्या भोवतालच्या हिरवळीवर प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९३० च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान आखून घेतले. १९९० च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी ते नव्याने उभे केले आणि बाहेरच्यांना खुले केले. समरजितसिंह स्वतः रणजी खेळलेले. तरीही दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेल्या मराठी माणसाला हा खेळ कुंपणापलीकडचाच वाटत आला; आपले खेळ क्रिकेट आणि मलखांब. म्हणून थोडा खुलासा : गोल्फमध्ये धावा वाढवायच्या नसतात, फटके वाचवायचे असतात. होल म्हणजे चेंडू ज्यात घालवायचा तो खळगा. अठरा होल म्हणजे एक फेरी. मोठ्या स्पर्धेत चार फेऱ्या, एकूण ७२ होल. प्रत्येक होलसाठी अपेक्षित फटक्यांचा आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. ज्याचे फटके सर्वांत कमी, तो विजयी. समोरून कोणी चेंडू टाकत नाही. चेंडू जागेवर निमूट पडलेला असतो, आणि खरी पंचाईत तिथेच आहे : चुकलेल्या फटक्याचा दोष टाकायला दुसरा कोणी नसतो.

होगनचे वडील चेस्टर लोहार होते. मोटारी वाढल्या तसा त्यांचा धंदा उतरत गेला. १९२२ मध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. बेन तेव्हा नऊ वर्षांचा होता. कुटुंब फोर्ट वर्थला राहत होते. बेन रेल्वे स्टेशनवर वर्तमानपत्रे विकू लागला. अकराव्या वर्षी तो ग्लेन गार्डन क्लबात कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या म्हणून लागला. त्याच क्लबात त्याच्याच वयाचा आणखी एक कॅडी होता, बायरन नेल्सन. १९२७ च्या नाताळात कॅडींच्या स्पर्धेत दोघांची बरोबरी झाली आणि जादा खेळात नेल्सनने एका फटक्याने बाजी मारली. पुढे दोघेही जगात गाजले, पण नेल्सनला यश लवकर मिळाले. होगनला वाट पाहावी लागली.

तो १९३० मध्ये, अठरा पुरी होण्याआधीच व्यावसायिक झाला. या शब्दावर इथे थांबायला हवे. त्या काळी गोल्फमधला व्यावसायिक हा मुळात क्लबाचा नोकर असे. सभासदांना शिकवायचे, काठ्या दुरुस्त करायच्या, दुकान सांभाळायचे, आणि मधल्या दिवसांत स्वतःच्या खर्चाने स्पर्धांना जायचे. बडोद्याच्या वाचकाला राजाश्रय चांगला ठाऊक आहे. सरकारवाड्याने गवई सांभाळले, पहिलवान सांभाळले, क्रिकेटपटूही सांभाळले. विजय हजारे यांची बडोद्यातली कारकीर्द त्याच छत्राखाली बहरली. होगनला असे छत्र नव्हते. फोर्ट वर्थचे व्यापारी मार्व्हिन लेनर्ड यांनी अडीअडचणीला पैसे दिले, एवढाच काय तो आधार. दौऱ्यावर जायचे, खिसा रिकामा झाला की घरी परतायचे, मिळेल ते काम करायचे आणि चार पैसे साठले की पुन्हा निघायचे, असे त्याचे अनेकदा झाले. १९३५ मध्ये त्याने व्हॅलरी फॉक्सशी लग्न केले. १९३८ मध्ये ओकलंडच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीच्या सकाळी तो बाहेर आला, तर मोटारीची मागची चाके चोरीला गेलेली आणि गाडी दगडांवर उभी. जवळचे पैसे संपत आले होते. दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतून तो मैदानावर पोचला आणि त्या दिवशी जे बक्षीस मिळाले त्यावर दौरा पुढे चालू राहिला.

त्याच्या खेळातला मोठा दोष म्हणजे हुक. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत एकाएकी डावीकडे वळतो आणि झाडीत जातो, त्याला हुक म्हणतात. ऐन मोक्याला होगनचा चेंडू असा दगा देई. त्यावर त्याने जो उपाय केला, त्याने खेळाची रीतच बदलली. त्या पिढीतले बहुतेक खेळाडू फेरीआधी थोडे हात मोकळे करत, तेवढाच त्यांचा सराव. होगन फेरी संपल्यावर पुन्हा मैदानाच्या कडेला जाई आणि अंधार पडेपर्यंत शेकडो चेंडू मारी. समोर ठराविक अंतरावर त्याचा कॅडी पिशवी घेऊन उभा असे. चेंडू त्याच्या आसपासच येऊन पडत, त्यामुळे त्याला फारसे हलावे लागत नसे. हाताला फोड येत, ते फुटत, तरी खंड पडत नसे.

मराठीत याला नेमका शब्द आहे : तालीम. बडोद्यात तर तो दोन्ही अर्थांनी नांदला. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकरावांच्या देखरेखीखाली घुमली ती तालीम, आणि दरबारगायक फैयाज खाँसाहेबांकडे शिष्यांना मिळाली तीही तालीमच. एकच दंड, एकच पलटा हजार वेळा; कंटाळा आला की खरी सुरुवात. होगनला कोणी उस्ताद नव्हता, तो स्वतःच स्वतःचा खलिफा. त्याला त्याचे गुपित विचारले की ते मातीत आहे, तिथून खणून काढा, असे तो सांगे म्हणतात. ऐकणाऱ्यांना ती टाळाटाळ वाटे. वस्तुतः त्याहून सरळ उत्तर देणे त्याला शक्य नव्हते. डाव्या हाताची पकड आणि मनगटाचा कोन यांत त्याने बारीक बदल केले आणि १९४६ च्या सुमारास हुक जाऊन त्याचा चेंडू अलगद उजवीकडे कलू लागला. हे तंत्र पुढे त्याने स्वतः लिहून छापलेही. पण वाचून ते कोणाच्या हातात उतरले नाही, सरावाने उतरले.

१९४० च्या मार्च महिन्यात पाइनहर्स्ट येथे त्याने पहिली वैयक्तिक स्पर्धा जिंकली आणि लागलीच पुढच्या दोनही. १९४० ते १९४२ सलग तीन वर्षे बक्षिसाच्या रकमेत तो अव्वल होता. युद्धकाळात तो सैन्याच्या हवाई दलात होता. परतल्यावर १९४६ मध्ये १३ स्पर्धा, १९४८ मध्ये १० स्पर्धा आणि त्यांत पहिली यूएस ओपन.

२ फेब्रुवारी १९४९ च्या सकाळी फीनिक्सची स्पर्धा आटोपून होगन पतिपत्नी मोटारीने घरी निघाले होते. पश्चिम टेक्सासात व्हॅन हॉर्न गावाजवळ दाट धुके होते. समोरून एक बस, मालमोटारीला मागे टाकण्याच्या घाईत, त्यांच्याच बाजूला आली. शेजारच्या पत्नीला वाचवण्यासाठी होगनने स्वतःला तिच्या अंगावर झोकून दिले. स्टिअरिंगचा दांडा त्याच क्षणी चालकाच्या आसनातून आरपार गेला. तिला वाचवताना तोही वाचला. कमरेचे हाड दोन ठिकाणी मोडले, गळ्याचे हाड, डावा घोटा आणि एक बरगडी यांनाही इजा झाली. पुढे रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसाकडे सरकू लागल्या, तेव्हा शल्यविशारद आल्टन ओक्सनर यांनी शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे जाणारी महाशीर बांधून टाकली. जीव वाचला, पण पायांतले रक्ताभिसरण कायमचे मंदावले. ५९ दिवसांनी तो रुग्णालयातून बाहेर पडला. वय ३६. पुन्हा चालता येईल का, याचीच डॉक्टरांना शंका होती.

जानेवारी १९५० मध्ये तो लॉस एंजेलिसला खेळला आणि सॅम स्नीडबरोबर बरोबरीत राहिला. जादा फेरीत हरला. त्याच वर्षी जूनमध्ये मेरियनच्या मैदानावर यूएस ओपन होती. शेवटच्या दिवशी ३६ होल चालायचे. रोज पायांना पट्ट्या बांधायच्या, रात्री गरम पाण्यात बसायचे आणि सकाळी पुन्हा तेच, असा क्रम होता. ७२ व्या होलवर चार फटक्यांत काम झाले तरच बरोबरी. होगनने एक नंबरची आयर्न उचलली. ही सर्वांत कमी उताराची लोखंडी काठी, भल्याभल्यांच्या हाती न बसणारी. चेंडू होलभोवतीच्या हिरवळीवर जाऊन थांबला, पुढे दोन फटके आणि बरोबरी. त्या फटक्यानंतरची त्याची पाठमोरी आकृती, काठी खांद्यामागे गेलेली, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, हे हाय पेस्किनने टिपलेले छायाचित्र गोल्फच्या इतिहासात सर्वाधिक ओळखले जाते. दुसऱ्या दिवशीच्या जादा फेरीत होगन ६९, लॉइड मँग्रम ७३, जॉर्ज फॅझिओ ७५.

अपघाताला चमत्काराच्या गोष्टीत गुंफण्याचा मोह वृत्तपत्रांना आणि चित्रपटवाल्यांनाही आवरला नाही. पण ९ पैकी ६ प्रमुख विजय अपघातानंतरचे, हे एवढे आकडे पुरेसे बोलके आहेत. पाय साथ देत नसल्याने तो वर्षाकाठी मोजक्याच स्पर्धा खेळे आणि त्या कोणत्या हे विचार करून ठरवी. १९५३ मध्ये तो सहा स्पर्धा खेळला आणि पाच जिंकला. त्यांत मास्टर्स, यूएस ओपन आणि स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथील ओपन. ओपनला तो जन्मात एकदाच गेला. दोन आठवडे आधी पोचून तिथले वारे, कठीण जमीन आणि त्या काळी ब्रिटनमध्ये वापरला जाणारा लहान आकाराचा चेंडू यांची त्याने सवय केली. त्याच्या फेऱ्या ७३, ७१, ७०, ६८ अशा, उतरत्या भाजणीच्या. चौथी प्रमुख स्पर्धा, पीजीए, त्याच दिवसांत येत असल्याने दोन्ही खेळणे शक्यच नव्हते. न्यूयॉर्कने त्याची मिरवणूक काढली.

स्वभावाने तो अबोल होता. बांध्याने लहानखुरा, पांढरी टोपी, नजर जमिनीवर. स्कॉटलंडच्या लोकांनी त्याला बर्फासारखा छोटा माणूस असे टोपणनाव दिले. १९५५ च्या यूएस ओपनमध्ये तो जिंकलाच असे समजून दूरचित्रवाणीने अभिनंदन करून प्रक्षेपण संपवले. मागून आलेल्या जॅक फ्लेकने बरोबरी साधली आणि जादा फेरीत त्याला हरवले. फ्लेकच्या पिशवीतल्या काठ्या होगनने स्वतः काढलेल्या काठ्यांच्या कारखान्यातल्या होत्या. कारखान्याबाबत तो किती काटेकोर, याचे उदाहरण असे की पहिला तयार माल मनासारखा उतरला नाही म्हणून त्याने तो सगळा मोडीत काढला. उत्तरायुष्यात छोटे फटके त्याला दगा देऊ लागले. चेंडूवर काठी धरून तो कितीतरी वेळ नुसता उभा राही. तरीही १९६७ च्या मास्टर्समध्ये, ५४ व्या वर्षी, त्याने एक फेरी ६६ फटक्यांत पुरी केली.

मेरियनची ती एक नंबरची आयर्न त्या स्पर्धेतच चोरीला गेली. तीस वर्षांहून अधिक काळाने, १९८३ मध्ये, ती जुन्या काठ्यांच्या एका संचात सापडली. संशय तिच्या पात्यावरून आला. चेंडू लागण्याची नेमकी जागा तेवढी झिजली होती, नाण्याएवढी, बाकी पाते कोरे. काठी होगनकडे नेली, त्याने हातात घेऊन ती आपलीच असल्याचे सांगितले आणि ती अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या संग्रहालयात ठेवण्यात आली.