शरीर शिशाला कॅल्शियम समजतं तेव्हा

बहुतेक सेंद्रिय विषांचे रेणू यकृत मोडू शकतं, निदान त्यांचं रूप बदलून ते लघवीवाटे बाहेर घालवू शकतं. शिसं, पारा, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत. शिशाचा अणू मातीत गेला, नदीत गेला किंवा हाडात जाऊन बसला, तरी तो शिशाचाच राहतो. त्याला बांधून ठेवणं किंवा बाहेर टाकणं एवढंच शरीराच्या हातात उरतं. त्यामुळे ‘जड धातू घातक असतात’ हे वाक्य अपुरं आहे. धातू कोणत्या रूपात आला, कोणत्या वाटेनं आला आणि शरीरात कुठे मुक्कामाला राहिला, यावर सगळं ठरतं.

शिशाचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, शरीराला कॅल्शियमसारखा भासतो. आतड्यातली लोह आणि कॅल्शियम आत घेणारी वाहक प्रथिनं त्यालाही आत घेतात. गिळलेल्या शिशापैकी प्रौढ माणूस साधारण 10 टक्के शोषतो, तर लहान मूल 40 ते 50 टक्के. अंगात लोह कमी असेल तर आतडं ही वाहक प्रथिनं वाढवतं आणि शिशाची आवक आणखी वाढते. म्हणून शिशाच्या संपर्कातल्या मुलाला पुरेसं लोह आणि कॅल्शियम मिळणं हा खराखुरा बचाव आहे. रक्तात शिरलेलं शिसं हिमोग्लोबिन घडवणाऱ्या एका एन्झाइममधल्या जस्ताची जागा बळकावतं आणि ते बंद पाडतं, रक्तक्षय होतो. मेंदूतल्या पेशी कॅल्शियमच्या इशाऱ्यावर एकमेकींना संदेश देतात. तिथे शिसं घुसलं की वाढत्या मेंदूची घडणच बिघडते. मुलांची एकाग्रता आणि बुद्ध्यांक घटतो, आणि हे नुकसान नंतर औषधानं भरून येत नाही. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं दुखावतात.

रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं. हाडात गेलेलं मात्र 10 ते 30 वर्षांत निम्मं होतं. गरोदरपणात आणि उतारवयात हाडांतून कॅल्शियम सुटतं, तेव्हा त्याच्यासोबत वर्षांपूर्वीचं शिसंही रक्तात परततं, गर्भापर्यंतही पोचतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. रक्तात डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आढळल्यास स्रोत शोधून तो बंद करावा, असं ती सांगते.

शिसं घातलेल्या पेट्रोलची मोटारींसाठीची विक्री जगात शेवटी अल्जेरियात 2021 मध्ये थांबली. पण रस्त्याकडेच्या मातीच्या वरच्या थरात ते अजून आहे. जुना रंग, बॅटऱ्या वितळवण्याचं काम, जुने नळ आणि त्यांचे डाख हे बाकीचे मोठे स्रोत. जुना रंग कोरडा घासू नये, जाळून तर मुळीच काढू नये. शंका असेल तिथे कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्यानं पुसावं. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. नळातून शिसं येत असेल तर रात्रभर साचलेलं पाणी वाहू द्यावं आणि स्वयंपाकाला गार पाणीच घ्यावं, कारण गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पण गंजरोधक मिसळला गेला नाही. नळांच्या आतलं संरक्षक कवच सुटलं आणि शिसं घरोघरी पोचलं. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाणी ठीक असून भागत नाही, तपासणी घरातल्या नळाशीच व्हायला हवी.

पाऱ्याच्या बाबतीत रूपाला फार महत्त्व आहे. थर्मामीटरमधला पारा गिळला गेला तर तो जवळपास सगळा तसाच बाहेर पडतो. त्याची वाफ श्वासातून गेली तर सुमारे 80 टक्के शोषली जाते. म्हणून सांडलेल्या पाऱ्यावर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नये, त्यानं थेंब फुटतात आणि वाफ वाढते. खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर काढावं, जाड कागदानं थेंब एकत्र करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. सर्वांत धोकादायक रूप मिथाइल पारा. ऑक्सिजन नसलेल्या गाळातले जिवाणू तो बनवतात. लहान माशांतून मोठ्या शिकारी माशांत तो साठत जातो. आतडं तो जवळपास पूर्ण शोषतं, आणि सिस्टीन या अमिनो आम्लाशी जोडलेला हा पारा मेंदूला मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल वाटतं, म्हणून तो आत घेतला जातो. जपानमधल्या मिनामाता इथे 1956 मध्ये या पाऱ्याच्या विषबाधेचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. फारशी लक्षणं नसलेल्या मातांची बाळंही गंभीर बाधित होती. हा पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे धुऊन किंवा शिजवून जात नाही. मासे सोडण्याची गरज नाही. गरोदर स्त्रियांनी शार्क, तलवार मासा टाळून लहान मासे खावेत.

कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशकं राहतं. तंबाखूचं झाड ते मातीतून पानात ओढतं, त्यामुळे धूम्रपान हा त्याचा मोठा मार्ग आहे.

आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, पण भूजलात तेच सर्वांत मोठं संकट आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा आहे. पाणी उकळल्यानं आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. ते लघवीवाटे काही दिवसांत निघून जातं, म्हणून तपासणीही लघवीचीच. आधी तीन-चार दिवस सागरी अन्न टाळावं, नाहीतर त्यातलं जवळपास निरुपद्रवी आर्सेनिक मोजलं जाऊन आकडा फुगतो.

धातूंना पकडून बाहेर काढणारी चिलेशन औषधं अस्तित्वात आहेत, पण ती ‘शरीरशुद्धी’ म्हणून घेण्याची वस्तू नाही. ईडीटीए या अशाच एका औषधाचा कॅल्शियमविरहित प्रकार चुकून दिल्यानं रक्तातलं कॅल्शियम घसरून मृत्यू झालेले आहेत. शिशासाठी मुलांमध्ये ही औषधं साधारणपणे रक्तात डेसिलिटरमागे 45 मायक्रोग्रॅमपासून पुढे वापरतात. उपचारानंतर रक्तातला आकडा आधी उतरतो आणि मग हाडांतून आलेल्या शिशानं पुन्हा चढतो, म्हणून काही आठवड्यांनी फेरतपासणी लागते. मूल त्याच रंग उडालेल्या खोलीत परतलं तर नवं शिसंही त्यात भर घालतं. त्याआधी ती खोली दुरुस्त व्हायला हवी.