विषबाधेच्या दाव्यातील कार्यकारणसंबंध

कीटकनाशक, कारखान्याचे सांडपाणी, वायू किंवा कापसाची धूळ यांच्या संपर्कामुळेच आपल्याला आजार झाला, हे भरपाई मागणाऱ्याने न्यायालयात दाखवून देणे म्हणजे कार्यकारणसंबंधाची सिद्धता. रस्त्यावरच्या अपघातात धडक आणि मोडलेले हाड यांच्यामध्ये शंकेला फारशी जागा नसते. विषाचे तसे नाही. संपर्क आणि आजार यांच्यात कधी काही तास जातात, कधी वीस-तीस वर्षे. शिवाय बहुतेक आजार त्या विषाचा वाराही न लागलेल्यांना होतातच. मग समोरचा वकील एवढेच म्हणतो, की कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

न्यायालयापुढे प्रश्न तीन असतात. हा पदार्थ माणसाला असा आजार करू शकतो का, हे सामान्य कारण. या माणसाला तो त्यानेच झाला का, हे विशिष्ट कारण. आणि या दोन्हींच्या आधी, पदार्थ त्याच्या अंगात गेला का, किती आणि किती दिवस? कायद्याच्या पुस्तकांत पहिल्या दोन प्रश्नांवर पाने भरलेली असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशच्या तीन जिल्ह्यांत मात्र दावा अडखळण्याची भीती तिसऱ्या प्रश्नावर अधिक, कारण तिथे विज्ञान नव्हे, कागद लागतो.

कपाशीची फवारणी हे त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण. शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो, त्यामुळे ‘औषध मारताना चक्कर आली’ हे वाक्य जबाबात जसेच्या तसे उतरले तर परगावच्या वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातली विषे शरीरातील कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) निकामी करतात. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि दम लागणे ही लक्षणे त्यातून येतात. सामान्य कारणाबद्दल इथे कोणी वाद घालत नाही. वाद असतो तो वेगळाच: विष फवारताना अंगावर आले, की प्यायले गेले? व्हिसेराच्या, म्हणजे मृताच्या आतड्या-यकृतासारख्या अवयवांच्या तपासणीच्या, अहवालात विष सापडते, पण ते कोणत्या वाटेने आले हे त्यावरून सहसा ठरत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा बसते, आत्महत्या बसत नाही. म्हणून दवाखान्यात पहिल्या तासात डॉक्टरांनी लिहून घेतलेली हकिकत, अंगावरचे भिजलेले कपडे, कृषी सेवा केंद्राचे बिल आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक यांना मोल येते. रक्तातल्या द्रवभागातील कोलिनेस्टरेज काही दिवसांत ते काही आठवड्यांत पूर्ववत होते, तांबड्या पेशींतले त्याहून बरेच उशिरा. नमुना वेळेत घेतला नाही तर पुरावा शरीरच पुसून टाकते.

दीर्घकालीन आजारात आकड्यांचा आधार घ्यावा लागतो. समजा, एखादा आजार एरवी दहा हजारांत एकाला होतो आणि संपर्कातल्या दहा हजारांत तिघांना. तर त्या तिघांपैकी दोघे विषामुळे आजारी पडले असे म्हणता येते, पण कोणते दोघे हे सांगता येत नाही. दिवाणी दाव्यात शक्यतेचे पारडे अर्ध्याहून जास्त झुकले की पुरते. त्यामुळे ‘धोका दुपटीहून अधिक’ ही कसोटी अमेरिकेतल्या अनेक न्यायालयांनी वापरली. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी 1965 साली साहचर्यातून, म्हणजे दोन गोष्टी एकत्र आढळण्यातून, कारण ओळखण्यासाठी नऊ मुद्दे मांडले. त्यांतला कारण आधी आणि परिणाम नंतर हा मुद्दा तेवढा टाळता येत नाही; बाकीचे तोलून पाहायचे असतात. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) 2002 मध्ये ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात, अनेक मालकांपैकी नेमक्या कोणाच्या धुळीने मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) झाला हे ठरवणे अशक्य असताना, धोका ठळकपणे वाढवणे पुरेसे मानले.

खानदेशात पर्यायी कारणेही स्थानिक आहेत. सातपुड्यातल्या मजुराने रसायनामुळे रक्तक्षय झाल्याचा दावा केला, तर तिथल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळत असल्याने त्याची चाचणी आधी हवी. फुप्फुसाच्या दाव्यात विडी आणि चुलीचा धूर निघणारच. शिवाय नंदुरबारचा मजूर वर्षातले काही महिने ऊसतोडीला गुजरातेत असतो. संपर्क नेमका कुठला, हे त्याच्या आठवणीवरच ठरते.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, आणि पाळीच्या आधी व नंतर श्वासाची क्षमता मोजून ते पकडता येते. प्रताप मिलच्या अमळनेरला आणि जिनिंग-प्रेसिंगच्या जळगावला या धुळीची ओळख करून द्यायला नको. नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत चाललेल्या कर्मचारी भरपाई कायदा, 1923 च्या तिसऱ्या परिशिष्टात हा आजार होता. कामाचा प्रकार आणि ठरलेला काळ सिद्ध झाला की कारण गृहीत धरले जाई. उलट सिद्ध करणे मालकाकडे असे. त्याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात शेतात कीटकनाशक फवारणारा मजूरही कर्मचारी होता. स्वतःच्या वावरात फवारणाऱ्याला हे कवच नव्हते.

1985 च्या दिल्लीतील ओलियम (धुरकट, तीव्र गंधकाम्ल) गळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगावर निरपवाद जबाबदारी टाकली. तिच्यात चूक सिद्ध करावी लागत नाही. कारण मात्र सिद्ध करावेच लागते, आणि ही गल्लत नेहमी होते. मदतीला भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 109 आहे: जी गोष्ट विशेषतः एकाच्याच माहितीत आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. कारखान्याने नाल्यात काय सोडले हे गावकऱ्यांना कुठून कळणार? औद्योगिक वसाहतीतून अनेक कारखान्यांचे पाणी एकाच नाल्यात गेले, तर राष्ट्रीय हरित लवाद कायदा, 2010 च्या कलम 17 नुसार लवाद जबाबदारी न्याय्य प्रमाणात वाटून देऊ शकतो. भरपाईचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो, पुरेसे कारण असल्यास आणखी साठ दिवस.

ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, ठेवण्याचा आदेश दिला. जिनिंगमध्ये दिवाळीनंतर येऊन उन्हाळ्याआधी निघून जाणाऱ्या हंगामी बाईचे नाव हजेरीपटावरच नसेल, तर तिची आरोग्यनोंद सुरूच होत नाही.