नागपूर अधिवेशन : विधानसभेच्या कामकाजाचा एक दिवस

महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन प्रथेप्रमाणे डिसेंबरात नागपुरात भरते. विधानसभेच्या बैठकीच्या प्रत्येक दिवसाला एक बांधलेला क्रम असतो : प्रश्नोत्तराचा तास, पटलावर ठेवायची कागदपत्रे, लक्षवेधी सूचना, विधेयके, खर्चाच्या मागण्या, आणि शेवटी अर्धा तास चर्चा. हा क्रम मुंबईत आहे तोच इथेही. पण नागपुरात दिवस मोजके असतात आणि लोक मोर्चा घेऊन थेट सभागृहाच्या अंगणापर्यंत येतात. म्हणून इथला दिवस समजून घ्यायचा तर सभागृहाच्या आतले कामकाज आणि बाहेरचा रस्ता दोन्ही एकत्र पाहावे लागतात.

नागपूर हे पूर्वी राजधानीचेच शहर. मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि पुढे १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी इथे होती. मराठी मुलुख एका राज्यात आणायचा तर विदर्भाला विश्वासात घेणे भाग होते. त्यासाठी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर आदींच्या त्यावर सह्या आहेत. सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन इथे घ्यावे, हे त्यातले कलम. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी नागपुरात अधिवेशन भरले. राजधानी गेली, तिच्या बदल्यात दिलेला हा शब्द आहे. नागपूरकर अधिवेशनाचे दिवस बोटांवर मोजतात ते म्हणूनच.

अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाइन्सचा चेहरामोहरा बदलतो. मुख्यमंत्री रामगिरी बंगल्यावर, उपमुख्यमंत्री देवगिरीवर, मंत्री रविभवन व नागभवनात, आमदार आमदार निवासात आणि मुंबईचे पत्रकार सुयोगमध्ये उतरतात. मंत्रालयातल्या फायली पेट्या भरून येतात. सकाळी धुके असते, टपऱ्यांवर तर्री पोह्याच्या वाफा निघत असतात आणि त्या गर्दीत मतदारसंघातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसे आमदारांच्या स्वीय सहायकांना गाठून हातात निवेदन देत असतात. बदलीचा अर्ज, रखडलेले अनुदान, शाळेची तुकडी, पाणंद रस्ता. सभागृहाचा दिवस अकराला सुरू होतो असे म्हणतात, पण खरा तो इथूनच सुरू होतो.

साडेदहाच्या सुमारास विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी सदस्य जमतात. गळ्यात कापसाच्या बोंडांच्या किंवा संत्र्यांच्या माळा, हातात फलक आणि समोर कॅमेरे. याची नोंद सभागृहाच्या कार्यवाहीत होत नाही, तरी आज आत कोणता विषय तापणार हे पायऱ्यांवरच कळते.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी ‘वंदे मातरम्’ आणि राज्यगीत होते. अध्यक्ष नसताना कामकाज चालवणाऱ्या तालिका अध्यक्षांची नावे जाहीर होतात, अधिवेशन चालू नसताना काढलेले अध्यादेश पटलावर येतात, पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या जातात आणि दिवंगत सदस्यांना शोक प्रस्तावाने श्रद्धांजली वाहून सभागृह तहकूब होते. राज्यपालांचे अभिभाषण या अधिवेशनात नसते. ते सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या आणि वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाला असते. कामाचा दिवस असा दुसऱ्या दिवसापासून धरायचा.

घंटा वाजते, अध्यक्ष स्थानापन्न होतात आणि प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात उभे राहून उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. प्रश्नांची छापील यादी हातात घेतली की तिची ठरीव भाषा लगेच लक्षात येते : ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ असे म्हणून पोटप्रश्न क्रमाने येतात. अमुक तालुक्यातील धान खरेदी केंद्र बंद असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय? असल्यास, त्यात काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली उत्तर छापलेले असते : ‘होय, हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘हे खरे नाही’. पहिल्या पोटप्रश्नाला ‘खरे नाही’ म्हटले की बाकीच्यांपुढे तीन शब्द येतात : ‘प्रश्न उद्भवत नाही’. गावाने वर्षभर सोसलेली गोष्ट या तीन शब्दांत मिटू शकते. तसे होऊ नये म्हणूनच उपप्रश्न असतात. मुरलेला आमदार छापील उत्तर बाजूला ठेवतो आणि तारीख, रक्कम, अधिकाऱ्याचा हुद्दा विचारतो. त्या क्षणी नजर अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे न्यावी. तिथे बसलेले सचिव घाईघाईने चिठ्ठी लिहितात, शिपाई ती मंत्र्याच्या बाकापर्यंत आणतो आणि मंत्री बोलता बोलताच ती उलगडतो. उत्तर समाधानकारक नसेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात किंवा बैठक लावायला सांगतात. सभागृहात दिलेले आश्वासन पाळले गेले का, हे पुढे आश्वासन समिती पाहते.

तासाभरात यादीतले थोडेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात. कोणत्या वारी कोणत्या खात्यांचे प्रश्न हे ठरलेले असते. अधिवेशन आठवड्याचेच असेल तर पाटबंधारे, कृषी किंवा आरोग्य या खात्यांचा वार एकदाच येतो. तोही गोंधळात गेला, तर विदर्भाच्या त्या विषयावर नागपुरात तोंडी उत्तर मिळतच नाही.

गोसीखुर्दचे उदाहरण घ्यावे. वैनगंगेवरच्या या प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे खर्च कित्येक पटींनी वाढला आणि २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प झाला. कालव्यांची कामे, पुनर्वसन, दुरुस्त्या हे विषय सभागृहात पुन्हा पुन्हा आले. ज्या आमदारांनी त्यावर आधी प्रश्न विचारले, त्यांच्या मतदारसंघात आता त्यांची पुढची पिढी उभी आहे. अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, हा शब्दही असाच. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने प्रादेशिक असमतोल आकड्यांत मांडला आणि तेव्हापासून नागपूरच्या सभागृहात हा शब्द ऐकू आला नाही असे वर्ष सापडणे कठीण.

प्रश्नोत्तराचा तास टाळून आधी अमुक विषय घ्या, अशी मागणी विरोधी पक्ष नियम ५७ अन्वये करतो. ठरलेले काम थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारा स्थगन प्रस्ताव नियम ९७ खाली येतो. अध्यक्ष बहुतेक वेळा तो दालनातच नाकारतात, पण नाकारल्याचे सांगताना विषयाचा उल्लेख होतोच आणि विरोधकांना दोन शब्द बोलता येतात. तिथून आवाज चढला की सदस्य हौद्यात, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरतात, अध्यक्षांपुढचा राजदंड उचलायला धावतात, मार्शल मधे पडतात आणि सभागृह दहा-पंधरा मिनिटांसाठी तहकूब होते. प्रकरण सभात्यागावर निभावले तर कामकाज पुढे सरकते.

दुपारचा वेळ लक्षवेधींचा. नियम १०५ खाली तातडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधले जाते. मंत्री निवेदन करतात, मग सदस्य प्रश्न विचारतात. आमदारांचा सर्वांत जास्त भर या साधनावर असतो, कारण इथे मंत्र्याकडून ‘महिनाभरात कारवाई करू’ किंवा ‘निलंबित करतो’ असे वाक्य मिळवता येते आणि दुसऱ्या दिवशी ते स्थानिक वर्तमानपत्रात छापून येते. लक्षवेधी फार झाल्या तर त्यांच्यासाठी सकाळी लवकर विशेष बैठक बोलावतात. विधिमंडळाच्या दुसऱ्या सभागृहात, विधान परिषदेत, अध्यक्षांच्या जागी सभापती असतात, सदस्य ७८, आणि नियमांचे क्रमांक वेगळे. विधानसभेत २८८ सदस्य. विरोधकांचा किंवा सत्ताधाऱ्यांचा मोठ्या चर्चेचा प्रस्ताव विधानसभेत नियम २९३ खाली येतो, परिषदेत २६० खाली.

याच वेळी बाहेर मोर्चे निघालेले असतात. यशवंत स्टेडियमच्या परिसरातून निघून ते मॉरिस कॉलेज टी पॉइंट, झिरो माईल, टेकडी रोड अशा ठिकाणी पोलिसांच्या कठड्यांपाशी थांबतात. अंगणवाडी सेविका, आशा, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, शेतकरी, प्रकल्पग्रस्त, आदिवासी. नेते भाषणे करतात, मग चार-पाच जणांचे शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून विधानभवनात नेतात. मंत्री भेटले तर मोर्चा परततो. भेटले नाहीत तर लोक रस्त्यावरच बसून राहतात. सभागृहात एखादा आमदार औचित्याच्या मुद्द्याद्वारे ‘बाहेर पंधरा हजार लोक बसले आहेत, मंत्र्यांनी जाऊन भेटावे’ असे सांगतो, तेव्हा आतली आणि बाहेरची बाजू एकमेकांना जोडली जाते.

ही जोडणी तुटली की काय होते, ते २३ नोव्हेंबर १९९४ रोजी दिसले. अनुसूचित जमातीच्या सवलतींच्या मागणीसाठी गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. गावागावांतून आलेले लोक, त्यात बायका आणि लेकरे खूप. दिवसभर वाट पाहूनही सरकारतर्फे कोणी भेटायला आले नाही. संध्याकाळी गर्दी हलली, पोलिसांनी लाठीमार केला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. झिरो माईलजवळ मृतांचे स्मारक आहे आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे. दरवर्षी २३ नोव्हेंबरला लोक स्मारकापाशी येऊन फुले वाहतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो रद्द केला. एका मंत्र्याने पाचशे पावले चालून येण्याची किंमत या शहराला ठाऊक आहे. मोर्चाला सामोरे जाणे हा शिष्टाचार नाही, कामकाजाचाच भाग आहे, असे इथले लोक मानतात, आणि ते योग्य आहे.

विधेयकांचे काम ऐकायला कोरडे वाटते. पुरःस्थापन म्हणजे विधेयक मांडणे, मग विचारार्थ प्रस्ताव, मग खंडशः म्हणजे कलमवार विचार. अध्यक्ष भराभर वाचतात : ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे... होयचे बहुमत आहे.’ एकेक खंड विधेयकाचा भाग होतो आणि शेवटी विधेयक संमत. कुणी मतविभाजन मागितले तरच डोकी मोजतात. या कोरड्या वाचनातून मोठे कायदे निघाले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर अध्यादेश निघाला आणि जादूटोणाविरोधी विधेयक त्याच डिसेंबरात नागपुरात १३ तारखेला विधानसभेने व १८ तारखेला परिषदेने संमत केले. त्याआधी कितीतरी वर्षे ते रखडले होते. लोकायुक्त विधेयक मात्र विधानसभेत डिसेंबर २०२२ मध्ये आणि परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाले. दोन्ही वेळा नागपूरच, मधे एक वर्ष.

संध्याकाळी पुरवणी मागण्यांवर किंवा नियम २९३ च्या प्रस्तावावर चर्चा चालते. तेव्हा बाके रिकामी होत जातात. गणपूर्तीला, म्हणजे कामकाजासाठीच्या किमान उपस्थितीला, एकदशांश सदस्य, म्हणजे २९ जण लागतात. कुणी गणपूर्तीकडे बोट दाखवले की घंटा वाजू लागते आणि उपाहारगृहातून सदस्य आत येतात. याच वेळी पहिल्यांदा निवडून आलेल्यांना बोलायची संधी मिळते. तालिका अध्यक्ष ‘संपवा, संपवा’ म्हणत असतात आणि समोरचा आमदार आपल्या तालुक्यातल्या एकेका पुलाचे नाव घेत असतो. वऱ्हाडी, झाडीबोली, मध्येच हिंदी. ऐकायला गर्दी नसली तरी त्याचे बोलणे नोंदले जाते. प्रतिवेदक पाळीपाळीने येऊन लघुलिपीत प्रत्येक शब्द टिपतात आणि त्यावरून असुधारित प्रत तयार होते. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेला शब्द तेवढा त्यातून वगळला जातो. या माणसांचे नाव कधी बातमीत येत नाही, आणि सभागृहाची सगळी आठवण मात्र त्यांच्या हातातून उतरते.

दिवस कमी होणे हे नागपूरचे जुने दुखणे. कोविडमुळे २०२० चे हिवाळी अधिवेशन मुंबईत झाले, २०२१ चेही मुंबईतच. २०२२ आणि २०२३ मध्ये अधिवेशन साधारण दोन आठवडे चालले. २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीनंतर १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी झाला आणि अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांत आटोपले. सुटलेली लक्षवेधी पुढच्या अधिवेशनात जशीच्या तशी येत नाही, नव्याने सूचना द्यावी लागते. २०१८ मध्ये, १९७१ नंतर प्रथमच, पावसाळी अधिवेशन नागपुरात झाले. ६ जुलैला मुसळधार पावसाने विधानभवनाच्या वीजयंत्रणेत पाणी शिरले आणि अंधारामुळे कामकाज तहकूब करावे लागले. एका पावसाने एक दिवस गेला, आणि इथे एक दिवस ही मोठी गोष्ट असते.

शेवटच्या दिवशी अध्यक्ष अधिवेशनाची फलश्रुती वाचतात : किती बैठका झाल्या, किती तास काम झाले, मंत्री उपस्थित नसल्यामुळे किती वेळ वाया गेला, किती तारांकित प्रश्न आले, त्यांतले किती स्वीकृत झाले आणि किती तोंडी उत्तरित झाले, सदस्यांची सर्वाधिक व सर्वांत कमी उपस्थिती किती. शेवटच्या दोन-तीन आकड्यांतली तफावत कान देऊन ऐकावी. मग पुढच्या अधिवेशनाची तारीख आणि ठिकाण जाहीर होते : मुंबई. राष्ट्रगीत होते, फायलींच्या पेट्या पुन्हा गाड्यांत चढतात आणि यशवंत स्टेडियमजवळचे मांडव सुटू लागतात.