ताटातलं पाणी आणि रश्श्यातली बिअर

"आता ह्यात दारू राह्यली का न्हाई, तेवढंच सांग मला."

पातेल्याकडं बोट दाखवून आईनं विचारलं. २०२० सालची टाळेबंदी, एप्रिलचं ऊन, संभाजीनगरातलं (तेव्हाच्या औरंगाबादेतलं) आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. फ्रिजच्या दारात ३३० मिलीलिटरची माइल्ड बिअरची एक बाटली कधीची पडून होती आणि तिची मुदत संपत आली होती. घरात पिणारं कुणी नाही. आई म्हणाली, ओतून दे. मला ते जमेना. आपल्याकडं वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याला बिअरचे कारखाने आहेत, आणि त्यांना लागणारं पाणी जायकवाडीचं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं या कारखान्यांचं पाणी कमी करायला लावलं होतं. तो उन्हाळा ज्यानं हंड्या-कळशांवर काढलाय, त्याला भरली बाटली मोरीत ओतवत नाही. म्हणून ठरवलं, रविवारच्या मटणात घालू.

बिअर म्हणजे मुळात आंबवलेलं सातूचं पाणी. सातू भिजवून त्याला मोड आणतात, मटकीला आणतो तसेच. मोड फुटताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं आणि ते पिठूळ स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतं. मोडाचे दाणे वाळवून, भाजून, भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात ठेवले की ही साखर पाण्यात उतरते. ते पाणी हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात, त्यातून कडवटपणा येतो. मग यीस्ट ती साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड मागं ठेवतं. वेळ अमावस्येला आपण ज्वारीच्या पिठाची आंबील करतो तेव्हाही आंबवणंच चालू असतं, पण तिथं मुख्य काम लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचं असतं. म्हणून आंबील आंबट होते आणि लेकराबाळांना पोटभर देता येते.

आईची मटणाची रीत ठरलेली. हळद-मीठ लावून आधी अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं शिजवायचं, मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला आणि शेवटी येसर, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचं मसालेदार पीठ. मी त्या दिवशी क्रम बदलला. मटण कोरडं करून जाड बुडाच्या पातेल्यात थोडं थोडं टाकून तांबूस होईपर्यंत परतलं. मांसातली अमिनो आम्लं आणि साखर साधारण १४० अंशांच्या पुढं एकमेकांशी झपाट्यानं जुळतात आणि त्यातून भाजल्याचा वास देणारे शेकडो पदार्थ तयार होतात. लुई-कामीय मायार या फ्रेंच संशोधकानं १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही, त्यामुळं अळणी शिजणाऱ्या मटणाला हा वास येत नाही. आईच्या रश्श्यात तो भाजलेल्या खोबऱ्यातून आणि कांद्यातून येतो. भाजलेल्या सातूमध्येही तीच क्रिया झालेली असते. बिअर आणि परतलेलं मटण यांचं जमतं ते म्हणूनच.

मग बिअर ओतली आणि फस्सकन फेस काठापर्यंत आला. गरम बुडाशी विरघळलेला वायू एकदम सुटतो आणि सातूतली प्रथिनं त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. पातेलं खोल नसतं तर शेगडी धुवावी लागली असती. फेस बसल्यावर उलथन्यानं बूड खरवडलं, चिकटलेली तांबूस साय सगळी रश्श्यात उतरली.

पुढचं काम वेळेचं. नळीच्या, खांद्याच्या मटणात कोलॅजन भरपूर असतं, दोरखंडासारखं पिळलेलं प्रथिन. मंद आचेवर ते हळूहळू उलगडून जिलेटिन होतं. रस्सा बोटाला चिकटतो तो त्यामुळं. याला तास-दीड तास लागतो आणि तिथं घाई करून भागत नाही. एक सांभाळायचं, हॉप्सचा कडवटपणा उडत नाही. रस्सा जितका आटेल तितका तो टोचतो. म्हणून किलोभर मटणाला एक छोटी बाटली पुरे, बाकी गरम पाणी. कांदा सढळ हातानं घाला, त्याची गोडी कडूपणाला आवरते.

आणि इथंच आईनं सवयीनं पातेल्यावर ताट ठेवलं आणि ताटात पाणी ओतलं.

आपल्या घराघरात हे करतात. खालून येणारी वाफ गार ताटाला लागली की तिचं पाणी होतं, थेंब परत पातेल्यात पडतात, रस्सा आटत नाही. वर ताटातलं पाणी तापतं, लागलं तर तेच घालायचं. मी ताटाची कड उचलली. खालच्या बाजूला मोत्यासारखे थेंब दाटले होते आणि एकामागोमाग रश्श्यात टपकत होते. वास घेतला तर बिअरचा तिखट दर्प थेट नाकात गेला. आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या थेंबांत होतं.

अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, मग रस्सा उकळला की दारू सगळी उडाली, असं पुष्कळ जण धरून चालतात. ते खरं नाही. पाणी आणि अल्कोहोल एकमेकांत पूर्ण मिसळलेले असतात, त्यामुळं ते मिश्रण एकत्रच उकळतं, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या थोडं खाली. वाफेत अल्कोहोलचं प्रमाण रश्श्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळं सुरुवातीला ते भराभर जातं. पण रश्श्यातलं कमी होत गेलं की वाफेतलंही कमी होतं आणि शेवटचा हिस्सा रेंगाळत राहतो. अमेरिकेत १९९२ मध्ये पदार्थ शिजवून हे मोजलं गेलं आणि तिथल्या कृषी खात्याच्या तक्त्यात ते आकडे आहेत. मंद आचेवर १५ मिनिटांनी ४० टक्के अल्कोहोल शिल्लक, अर्ध्या तासानं ३५, तासानं २५, दीड तासानं २०, दोन तासांनी १० आणि अडीच तासांनीही ५ टक्के. उकळत्या पदार्थात घालून लगेच उतरवलं तर ८५ टक्के तसंच राहतं.

आमच्या बाटलीवर ५ टक्के लिहिलं होतं, म्हणजे साडेसोळा मिलीलिटर अल्कोहोल. तासाभरानं त्यातलं चार मिलीलिटर उरलं असं धरलं आणि चौघांत वाटलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिलीलिटर येतं. चहाचे चार चमचे बिअर प्यावी एवढं. ८ टक्क्यांची स्ट्राँग असती तर त्याच्या दीडपटीहून जास्त.

हे आकडेही पातेल्यावर अवलंबून असतात. रुंद तोंडाच्या कढईतून जास्त उडतं, उभट पातेल्यातून कमी. आणि पाण्याचं ताट ठेवलं की उडालेलं परत खाली येतं. वाफ गार करून थेंब गोळा करणं हीच हातभट्टीची युक्ती आहे. ताटाखाली तेच होतं, फक्त थेंब बाहेर न जाता पातेल्यातच पडतात. कुकरमध्ये तर शिट्टीवाटे जाईल तेवढंच जातं. बिअर घालून थेट कुकर लावू नका. आधी उघड्यावर अर्धा तास उकळा, मग झाकण.

मी ताट काढून ठेवलं आणि आईला सांगितलं, "राहतं. थोडं, पण राहतं."

ती काही बोलली नाही. मला वाटतं हे सांगणं रांधणाऱ्याचं कामच आहे. कुणाच्या गोळ्या चालू असतात, कुणी मोठ्या कष्टानं दारू सोडलेली असते, कुणाला धर्मानं वर्ज्य असते, घरात पोरं असतात. "शिजवलंय, काही होत नाही" म्हणून वाढणं मला पटत नाही.

थोडं मटण मी आधीच बाजूला काढलं होतं. आईनं दुसऱ्या शेगडीवर तिच्या पद्धतीनं ते अळणी शिजायला घातलं, ज्वारीचं पीठ परातीत घेतलं आणि मी काढलेलं ताट पुसून आपल्या पातेल्यावर ठेवलं. मग तांब्यातलं पाणी त्यात ओतलं, काठोकाठ.