प्रवाळांच्या सांगाड्यातील कालगणना

डेव्होनियन कालखंडात, म्हणजे सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी, एका वर्षात जवळपास ४०० दिवस असत. वर्षाचा एकूण अवधी आजच्याइतकाच होता. पृथ्वी स्वतःभोवती अधिक वेगाने फिरत असल्यामुळे दिवस मात्र जेमतेम २२ तासांचा होता. खगोलशास्त्रज्ञांनी हे अनुमान गणिताने आधीच काढले होते. त्याला खडकातला पुरावा मिळाला तो प्रवाळांच्या जीवाश्मांतून.

प्रवाळ हा मऊ शरीराचा, साध्या रचनेचा प्राणी. तो समुद्राच्या पाण्यातील घटकांपासून स्वतःखाली कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचतो आणि वाढता वाढता वर सरकत जातो. त्या काळातील रुगोसा गटाचे एकेकटे वाढणारे प्रवाळ शिंगाच्या आकाराचे असत. चांगला टिकलेला नमुना तिरप्या उजेडात भिंगाखाली धरला, की त्याच्या बाहेरच्या पातळ आवरणावर ठळक वळ्या दिसतात आणि दोन वळ्यांच्या मध्ये अतिशय बारीक कडांची दाटी दिसते. ठळक वळी वर्षाची आणि बारीक कड दिवसाची, असा अर्थ अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन वेल्स यांनी लावला. आजच्या एका प्रवाळावर त्यांना वर्षाला सुमारे ३६० कडा आढळल्या, तर डेव्होनियन नमुन्यांवर ३८५ ते ४१०. हे निष्कर्ष १९६३ साली प्रसिद्ध झाले.

चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे मंदावते आणि दिवस शंभर वर्षांत सुमारे २ मिलिसेकंदांनी लांबतो. हा हिशेब ३८ कोटी वर्षे मागे नेला, तर दिवस सुमारे दोन तासांनी लहान निघतो. वेल्स यांनी मोजलेले नमुने थोडेच होते आणि झिजलेल्या कडा मोजताना चूक सहज होते, त्यामुळे ४०० हा आकडा काटेकोर मानू नये. तरीही दोन स्वतंत्र वाटांनी जवळपास एकच उत्तर यावे, हे मला त्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

हे प्रवाळ समुद्रातील चुनखडीच्या ज्या भित्तींच्या (रीफच्या) परिसरात राहत, त्या सर्वस्वी त्यांनीच बांधलेल्या नव्हत्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातील विंजाना घळीत लेनर्ड नदीने अशी एक डेव्होनियन भित्ती आरपार कापली आहे, त्यामुळे एके काळी समुद्राखाली असलेल्या तिच्या अंतर्भागाचा छेद कोरड्या पायांनी पाहता येतो. तिच्या बांधणीत स्ट्रोमॅटोपोरॉइड नावाचे स्पंज आणि चुना साचवणारे सूक्ष्मजीव यांचा वाटा मोठा होता. डेव्होनियनच्या उत्तरार्धात अनेक जाती एकदम नष्ट झाल्या; त्या सामूहिक विलोपनात अशा भित्तींची वाताहत झाली. रुगोसा गट त्यानंतरही तग धरून होता, पण सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरीस, तो कायमचा नामशेष झाला. आजचे कठीण सांगाड्याचे प्रवाळ ज्या गटातले आहेत, त्याचे जीवाश्म ट्रायासिक कालखंडाच्या मध्यापासून मिळू लागतात.

या नव्या गटाचे अलीकडचे जीवाश्म वेगळ्याच कामाला येतात. कॅरिबियन समुद्रातील ॲक्रोपोरा पामाटा ही जाती मुख्यतः पृष्ठभागापासून काही मीटरांच्या आतच जोमाने वाढते. बार्बाडोसच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळात छिद्रे घेऊन मिळवलेले तिचे सांगाडे आज शंभर मीटरांहून अधिक खोलीवर आहेत. जमिनीची हालचाल हिशेबात घेतली, तर गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, असे त्यांवरून दिसते.

या सांगाड्यांचे वय युरेनियम आणि थोरियमच्या प्रमाणावरून काढतात. वाढताना प्रवाळ पाण्यातील युरेनियम सांगाड्यात घेतो, पण थोरियम जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे पुढे सापडणारे थोरियम युरेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातूनच तयार झालेले असते. मात्र सांगाडा मूळच्या ॲरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचाच राहिलेला असला पाहिजे. पावसाचे पाणी मुरून त्याचे कॅल्साइट, म्हणजे त्याच पदार्थाचे दुसरे खनिज, झाले, की युरेनियमची आवकजावक होऊन वय चुकते. म्हणून मापनाआधी क्ष-किरणांनी कॅल्साइटचा अंश तपासतात आणि तो जास्त आढळला, तर नमुना बाद करतात. ही पद्धत सुमारे पाच लाख वर्षांपर्यंतच भरवशाची ठरते; त्याहून जुन्या भित्तींचे वय आसपासच्या थरांतील जीवाश्मांवरून आणि ज्वालामुखीच्या राखेवरून ठरवावे लागते.