नेट स्लो आहे? राउटर बदलण्याआधी पॅकेट कॅप्चर करून बघू

ऑफिसमधून आम्हाला फोन येतो तेव्हा वाक्य बहुतेक एकच असतं, "नेट स्लो चाललंय". तोपर्यंत कुणीतरी राउटर दोनदा बंद-चालू करून झालेला असतो, स्पीडटेस्ट मारून झालेली असते, ती मस्त १०० एमबीपीएस दाखवते आणि तरी टॅलीत एक व्हाउचर सेव्ह करायला चहा पिऊन यावं लागतं. आता टॅलीचा डेटा तुमच्याच ऑफिसातल्या सर्व्हरवर असेल तर तो इंटरनेटवर जातच नाही हो, तुमच्या स्विचमधून (सगळे पीसी ज्याला जोडलेत तो डबा) आणि केबलमधूनच फिरतो. मग स्पीडटेस्ट कितीही आली तरी या तक्रारीशी तिचा संबंध नाही, आणि ३०० चा प्लॅन घेतला तरी व्हाउचर तेवढ्याच वेळात सेव्ह होणार.

म्हणून आम्ही आधी कॅप्चर करतो. म्हणजे काय, तर नेटवर्कवरून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्याची, कॉपी वेळेसकट लॅपटॉपवर साठवायची आणि नंतर शांतपणे बघायचं की वेळ नेमका कुठे गेला. सॉफ्टवेअर वायरशार्क, ते फुकट आहे, १९९८ मध्ये इथरियल नावाने आलं, २००६ ला नाव बदललं. त्यामुळे आमच्या बिलात सॉफ्टवेअरचे पैसे नसतात, बसून वाचण्याचे असतात.

आम्ही काय बघतो

सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती कनेक्शनची सुरुवात. तुमचा पीसी सर्व्हरला "बोलू का" विचारतो, सर्व्हर "बोल" म्हणतो, आणि या दोन पॅकेटमधलं अंतर म्हणजे नेटवर्कवर जाऊन यायला लागलेला वेळ, ऑफिसच्या आत केबलवर तो १ मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी पाहिजे. त्यानंतर पीसी खरं काम मागतो, सर्व्हर "मिळालं" एवढी पोच लगेच देतो, पण डेटा मात्र ४ सेकंदांनी पाठवतो. असं दिसलं की नेटवर्क निर्दोष सुटलं! पोच वेळेवर आली म्हणजे रस्ता मोकळा आहे, सर्व्हरच विचार करत बसलाय, त्याची हार्ड डिस्क दमली असेल, रॅम कमी असेल, अँटीव्हायरस प्रत्येक फाइल चाळत असेल. इथे नवीन राउटर म्हणजे पैसे पाण्यात.

उलट एकच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवलेलं दिसलं, त्याला रीट्रान्समिशन म्हणतात, तर वाटेत काहीतरी गळतंय. केबलचं क्रिंपिंग (टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) खराब असतं, किंवा एका बाजूला पोर्ट १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्सवर (पाठवणं-घेणं एकाच वेळी) फिक्स केलेला आणि दुसरी बाजू ऑटोवर, मग ऑटोवाली बाजू गुपचूप हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच) जाऊन बसते. यात गंमत अशी की पिंग, म्हणजे छोट्या पॅकेटची चाचणी, एकदम छान येतो आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की नेटवर्क रडायला लागतं.

तिसरं म्हणजे डीएनएस, साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा. जुना सर्व्हर काढून टाकला पण त्याचा आयपी पीसींमध्ये पहिला डीएनएस म्हणून तसाच राहिला, तर विंडोज आधी त्यालाच विचारतं, साधारण १ सेकंद वाट बघतं आणि मग दुसऱ्याकडे जातं. साइट उघडल्यावर सगळं फास्ट, पण उघडायच्या आधी अडखळतं. हे दुरुस्त करायला एक पैचं सामान लागत नाही.

आणि संध्याकाळी ठरावीक वेळी सगळंच मंदावत असेल तर कोण अपलोड करतंय ते आम्ही आधी बघतो, क्लाउड बॅकअप किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर अपलोडची लाइन भरून टाकतो आणि मग बाकीच्यांची छोटी पॅकेटंही रांगेत अडकतात.

पकडायचं कुठे

नुसता लॅपटॉप स्विचला जोडला तर आम्हाला आमचंच ट्रॅफिक आणि ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेली पॅकेटं) दिसतं. इतरांचं बघायला स्विचवर मिरर पोर्ट लागतो, म्हणजे दुसऱ्या पोर्टवरच्या ट्रॅफिकची कॉपी देणारा पोर्ट. साध्या अनमॅनेज्ड (सेटिंग बदलता न येणाऱ्या) स्विचला तो नसतो, तेव्हा आम्ही आमचा छोटा मॅनेज्ड स्विच मध्ये लावतो नाहीतर सर्व्हरवरच कॅप्चर चालू करतो. तक्रार वायफायवरची असेल तर आधी तोच लॅपटॉप केबलला लावून बघतो, निम्मा प्रश्न तिथेच कळतो.

तुम्हाला आमचं काय काय दिसतं मग?

हे विचारायलाच पाहिजे. एचटीटीपीएस (एन्क्रिप्शन असलेल्या) साइटवरचा मजकूर आणि पासवर्ड आम्हाला दिसत नाहीत, पण कुठली साइट उघडली ते नाव बहुतेक वेळा दिसतं. एन्क्रिप्शन नसलेलं सगळं मात्र उघडं असतं, जुन्या डीव्हीआरचं लॉगिन, एफटीपीचा (फाइल पाठवायची जुनी पद्धत) पासवर्ड, कधी शेअर फोल्डरमधल्या फाइलीसुद्धा. म्हणून जमेल तिथे आम्ही प्रत्येक पॅकेटचे पहिले १२८ बाइटच साठवतो, वेळ मोजायला तेवढे पुरतात. मालकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय सुरू करत नाही, आणि स्टाफला आधी सांगून ठेवा, लपूनछपून केलं की उगाच शंका येतात.

आम्ही यायच्या आधी

गिगाबिटची लाइन पूर्ण भरली तर सेकंदाला १२५ एमबी जातात, त्यामुळे दिवसभराचं सगळं साठवून चाळत बसणं शक्य नाही, जुनी फाइल पुसत नवी लिहिणं चालू ठेवतो. तुमच्याकडून एवढंच हवं की अडकलं की वेळ लिहून ठेवा, मोबाइलवरची, मिनिटासकट, पीसीचं घड्याळ कधीकधी मागे असतं. कोणाचा पीसी, कुठलं काम, तेव्हा इतरांचं चालत होतं का, हेही लिहा. "सकाळपासून स्लो" यातून काहीच सापडत नाही, "११:४२ ला अकाउंट्सच्या पीसीवर बिल प्रिंट होईना" यातून सापडतं. आणि प्लीज राउटर रीस्टार्ट करू नका, आम्ही पोचेपर्यंत प्रॉब्लेम गायब होतो आणि दोन दिवसांनी परत येतो.

दोष तुमच्या नेट देणाऱ्या कंपनीकडे निघाला तर राउटरच्या बाहेरच्या बाजूचं कॅप्चर आणि त्याचा एक पानाचा खुलासा आम्ही देतो, तो तक्रारीला जोडा.